गुहेचे बूट

अण्णांच्या घरी जायचं म्हणजे आधी बूट गरम पाण्याच्या बादलीत सोडायचे. आमच्या उचगावात लोक कुणाच्या मातीला, अंत्यविधीला जाऊन आल्यावर पाय धुतात. अण्णांकडे नुसतं चहाला गेलं तरी बूट धुवावे लागतात.

माझे हे शेजारी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण जीव अडकलाय खानापूरच्या जंगलातल्या एका गुहेत. तिथली वटवाघळं हीच त्यांची भावकी. गुहेत जायचे बूट वेगळे, देवघराशेजारी ठेवलेले. तिकडे अमेरिकेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी चढते आणि थंडीच्या झोपेतच ती मरतात. माणसाला काही होत नाही, पण त्याच्या बुटाला चिकटून ती बुरशी या गुहेतून त्या गुहेत जाते.

"पण अण्णा, आपल्याकडं तेवढी थंडी कुठं हाय?"

"व्हय की, धोका कमीच हाय." मग बोट वर. "पण कमी म्हंजे न्हाय न्हवं!"

सांबऱ्याच्या विमानतळावरून आलेल्या माझ्या जावयाला त्यांनी प्रवास कसा झाला हे विचारलंच नाही. "बूट कुठंकुठं हिंडल्यात?" एवढंच विचारलं. तो बिचारा बंगळूरहून आला होता.

यंदा त्यांचा मुलगा अमेरिकेहून कैक वर्षांनी येणार होता. नात मीराला आज्जाची गुहा बघायची होती. मुलगा फोनवर म्हणाला, तिचे डोंगरातले बूट आणतोय, तिकडच्या गुहांतही तेच घालते.

"त्ये हितं आणू नगंस."

"वटवाघळं मोठी की नात?" म्हणून त्यानं फोन ठेवला.

अण्णांचं जेवणातलं लक्ष उडालं. मग एक दिवस बेळगावला जाऊन गुलाबी बूट घेऊन आले. "कोरं हाईत. आता धोका न्हाय," म्हणाले. त्यांच्या तोंडून 'धोका न्हाय' असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मीरा आली ती बापाच्या खांद्याला लागलेली. गुलाबी बुटात तिची नुसती बोटं मावली. अण्णा तसेच बघत राहिले. फोनवर नातीचा चेहरा दिसायचा, पाय कधी दिसलेच नव्हते. मला फार वाईट वाटलं.

मग त्यांनी देवघराशेजारचे बूट आणले, खाली बसून तिच्या पायात चढवले, नाड्या बांधल्या. बरोब्बर बसले. मुलानं आपले बूट काढून बादलीत सोडले.

"आणि तुम्ही काय घालणार, आज्जा?"

"चप्पल हाय की," मी म्हणालो.

"ती बाजारात हिंडलीया," अण्णा म्हणाले. मग मीराच्या बुटावरून हात फिरवत म्हणाले, "मी भाईर थांबतो. मला वटवाघळांनी लई बघितलंय गं. तुला कुठं बघितलंय?"