दर दोन तासांनी थांबा

"डॉक्टर, गाडी खड्ड्यात आदळली तर बाळ बाहेर येतं का हो?"

निताने विचारलं, आणि बा एकदम भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागले. याडीने, म्हणजे आईने, पदर तोंडावर ओढला. जिच्या बाळाचा प्रश्न होता, ती मिनाताई मात्र खुदकन हसली.

प्रश्न तसा निताचा नव्हताच. दहावी 'ब'मधल्या चौघींनी तिला डिवचलं होतं, "मॉनिटर झाल्यापासून लई तोंड सुटलंय ना तुझं? मग विचारून दाखव!" गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देताना जिचा आवाज दप्तराबाहेर पडत नव्हता, ती निता यंदा मुख्याध्यापकांनाही "सर, तुमचं घड्याळ मागं आहे" असं सांगत होती! मग डॉक्टरांना काय घाबरायचं?

"खड्ड्यानं येत नाही गं," डॉक्टर म्हणाल्या. "पण आठवा महिना सरत आलाय. एका जागी बसून पाय सुजतात, रक्त साकळतं. दर दोन तासांनी थांबायचं, उतरून दहा मिनिटं चालायचं. पाणी भरपूर प्यायचं. बेल्ट पोटाखालून लावायचा. आणि पोट घट्ट व्हायला लागलं, तर सरळ दवाखाना गाठायचा."

निताने सगळं तळहातावर लिहून घेतलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताईला संभाजीनगरहून साखऱ्याजवळच्या तांड्यावर न्यायचं होतं. याडीने महिनाभर आधीच नवी बाज विणून घेतली होती, डिंकाचे लाडू वळून ठेवले होते. "माझ्या लेकीचं पहिलं लेकरू माझ्याच घरात रडलं पायजे," हे ती रोज एकदा तरी म्हणायची.

ओमप्रकाश भाऊजींना कंपनीत सुट्टी मिळाली नव्हती. निघताना ते म्हणाले, "निता, तुझ्या भरवशावर पाठवून राहिलो."

"निर्धास्त राहा भाऊजी! सातला निघतो, दोनला घरी. ताईला फुलासारखी नेते! हे बघा, गाडी कुठं आहे ते तुम्हाला मोबाईलवर दिसत राहील."

आणि तिने लाइव्ह लोकेशन टाकलं. फक्त ते भाऊजींना न टाकता, चुकून बेचाळीस नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं.

जालन्याच्या अलीकडे रस्त्यात एक माणूस टोलनाक्याच्या दांड्यासारखा हात आडवा करून उभा! बांचे चुलतभाऊ, रामजीकाका.

"बा, इथं नको. पुढं झाडाखाली थांबू," निता म्हणाली.

"काहून? डॉक्टरनीच सांगितलंय ना थांबायला? मग झाडाकडं थांबण्यापरीस आपल्या माणसाकडं थांबू!"

ताई उतरली. दोन पावलं टाकली, तोच काकू ओरडल्या, "अगं अगं, चालून काय राहिली? खुर्ची आणा!"

"काकू, तिला चालायलाच सांगितलंय डॉक्टरांनी."

"चालतील तिचे दुश्मन! बस गं लेकरा."

ताई बसली. चहा आला. गरोदर लेक दारात आलेली, ओटी भरल्याशिवाय कशी सोडणार? मग तांदूळ, खण, नारळ. पाऊण तास गेला. ताईची पावलं झाली दोन!

खरा घोटाळा पुढेच झाला. रामजीकाकांनी ओटीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि पुढचे सगळे पाहुणे पेटले! मंठ्याला याडीची मावसबहीण रुख्मिणीबाई गाडीला आडवी आली. "जालन्याचे तेवढे सगे, अन् आमी काय वाटंवरचे?" तिने तर जाजम अंथरून ठेवलं होतं. आठ महिन्यांची पोटुशी बाई जमिनीवर बसवायला दोघी लागल्या, उठवायला चौघी!

गाडीने वळण घेतलं की नारळ गडगडत येऊन ताईच्या पायावर बसायचे. पाय असे सुजले होते की चपलेचे पट्टे दिसेनात.

"निता," ताई डोळे मिटून म्हणाली, "मला काहीच नको गं. नुसतं थोडं चालू द्या. न्हाईतर आडवं तरी पडू द्या."

हे सगळं आपल्या त्या लोकेशनमुळे झालं, हे निताला आता कुठे कळलं. तिने ते फाटकन बंद करून टाकलं. पण गाडी त्या वेळी चाकात हवा भरायला उभी होती, आणि हवेचं दुकान होतं नेमकं एका दवाखान्यासमोर! ग्रुपवर शेवटचा ठिपका तिथंच राहिला.

पाच मिनिटांत ग्रुपवर आलं: "मिना दवाखान्यात!" दहा मिनिटांत: "पोरगा का पोरगी?" जिंतूर येईपर्यंत कोणीतरी पाळण्याचं चित्र टाकलं, "जुळ्यांचं अभिनंदन!" भाऊजींचा फोन आला तो गाडीच्या हॉर्नांसकट.

"खरं सांग निता, दोन का? मी मोटरसायकलवर निघालोय!"

"भाऊजी, एकही न्हाई अजून! परत फिरा!"

जिंतूरला जुळी बघायला जमलेल्या तीन घरांनी निराश होऊन का होईना, ओट्या भरल्या. तीन घरी तीन खुर्च्या, तीन चहा. निता प्रत्येक दारात "चालायचंय, चालायचंय" म्हणत राहिली. शेवटी तिचा घसा बसला, आणि तिलाही कोणीतरी खुर्ची दिली!

तिथून येलदरीवरून सरळ सेनगाव, मग साखरा. निताने हुश्श केलं. तेवढ्यात शालूआत्याचा फोन.

"जुळी न्हाईत म्हणं? मग पोरीला डोळ्यानं बघितल्याबिगर मला घास जायचा न्हाई!"

शालूआत्याचं घर जवळा बाजारला, म्हणजे पार दुसऱ्या दिशेला. बांनी गाडी तिकडे वळवली.

"बा!"

"अक्का हाय माझी. तिनंच वाढवलंय मला," बा म्हणाले. ते स्वतःही इतके दमले होते की पुढचं वाक्य जांभईतच विरलं.

आणि जवळा बाजारला होता आठवडी बाजार! पुढे कापसाचा टेम्पो, मागे सोयाबीनचा ट्रॅक्टर, मधे गाडी अडकलेली. ताईने निताचं मनगट घट्ट धरलं.

"निता, पोट दगडासारखं झालंय. सुटंना."

याडीने देवाचा धावा सुरू केला. बा हॉर्न दाबत सुटले. निताने तळहात पाहिला. घामाने अक्षरं केव्हाच पुसली होती, पण शेवटची ओळ तिला पाठ होती.

"बा, हॉर्न सोडा. ताई, उतर. दवाखाना बाजाराच्या त्या टोकाला आहे. माझ्या खांद्यावर भार टाक."

घसा बसलेला असूनही ती अशी काही ओरडली, "सरका! बाजूला सरका!" की मिरच्यांचे ढीगवालेसुद्धा ढीग आवरायला लागले. थांबत, श्वास घेत, दोघी निघाल्या. सकाळपासून ताई पहिल्यांदा चालत होती!

तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. बाळाचे ठोके ऐकू आले, धडधड धडधड, तेव्हा निता तिथेच फरशीवर बसली.

"कळा नाहीत या," डॉक्टर म्हणाले. "थकवा आहे, अंगात पाणी कमी पडलंय. दिवसभरात काय प्यायल्या?"

"चहा," याडी म्हणाली. "जालन्याला, मंठ्याला, जिंतूरला तीन घरी..."

डॉक्टरांनी पुढचं ऐकलं नाही, सलाईन लावलं. दिवस मावळेपर्यंत पोट सैल पडलं. "आता बाळंत होईपर्यंत गाडीचा प्रवास नको. इथं जवळ कोणी आहे का?"

"मी काय मेले का?" दारातून शालूआत्या गरजली.

याडीचा चेहरा उतरला. "दीड-दोन तासाचा तर रस्ता राहिला. बाज विणून ठेवली हाय वो मी."

"मी हळू चालवतो," बा पुटपुटले. "पायी चालल्यावानी."

उशीवर डोकं ठेवून ताईने निताकडे पाहिलं.

निता फरशीवरून उठली.

"याडी, बा, ठरलं. ताई इथंच राहणार, आत्याकडं. बाज टेम्पोत घाला, लाडू डब्यात घाला, आन याडी, तू बी इकडं राहायला ये. लेकराला काय कळतंय भिंती कोणाच्या? तुझ्या मांडीवर रडलं म्हणजे तुझ्याच घरात रडलं." तिने भिंतीला पाठ टेकवली. "आन सामान आणायला तुमी दोघंच जा. मला आता त्या गाडीत बसवत न्हाई!"