सुनेच्या मशीनीत बैलाची झूल

पोळ्याच्या सकाळी विठ्ठलरावांनी माळ्यावरून बैलांच्या झुली काढल्या आणि ठरवलं, या वर्षी त्या हातानं धुवायच्या नाहीत. बस, एवढंच ठरवलं बिचाऱ्यांनी.

घरात सुनेची कपडे धुवायची मशीन होती. समोर गोल काचेचं दार असलेली, दिपालीच्या वडिलांनी लग्नात दिलेली. ती आली तेव्हा विठ्ठलराव अख्ख्या बोरी अरबमध्ये सांगत फिरले होते, की हे असले लाड आमच्या घरी चालत नाहीत. (घरी काय चालतं ते त्यांची बायको शकुबाई ठरवतात, पण हे बाहेर सांगायची पद्धत नाही.) आज दिपाली माहेरी उमरखेडला होती. मुलगा कपिल तिला आणायला गेला होता आणि सोबत खुद्द व्याही पोळा पाहायला येणार होते. पण ते दुपारनंतर.

शेणामातीनं कडक झालेल्या झुली विठ्ठलरावांनी मशीनीत कोंबल्या. पावडर ओतली. वर दिपाली कपड्यांना सुगंधासाठी घालते त्या गुलाबी औषधाची अर्धी बाटलीही रिकामी केली, सणाचा दिवस म्हणून. झुली अशा निघाल्या की नवरदेवाच्या अंगावर घालाव्यात. त्या अंगणात वाळत टाकून ते परत आले आणि सहज मशीनीत डोकावले.

आत गोठा होता. सुगंध सगळा झुलींनी नेला होता आणि वास तेवढा मागे ठेवला होता.

व्याह्यांनी लेकीला दिलेली वस्तू, आणि ती सासऱ्यानं बैलांसाठी वापरली, हे कळलं तर उमरखेडात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. विठ्ठलराव तडक शेजारच्या कुंपणाशी गेले.

"बळीराम, मोबाईलमंधी पाह्य बरं, कपड्याच्या मशीनीचा वास कसा काढतेत."

"कायले?"

"तू पाह्य ना बापा."

बळीरामनं पाहिलं. "व्हिनेगर टाका म्हणते."

"ते काय असते?"

"काही तरी आंबट असते म्हणते."

विठ्ठलरावांचा जीव भांड्यात पडला. पाणी भरायचा तांब्याचा गुंड काळा पडला की शकुबाई तो आंबट ताकानं घासतात आणि गुंड लखलखतो, हे ते जन्मभर पाहत आले होते. त्यांनी ताकाचा भरलेला गंज उचलून मशीनीत ओतला आणि गरम पाण्याचं बटण दाबलं.

थोड्या वेळानं शकुबाई पुरणाचा हात तसाच घेऊन बाहेर आल्या.

"कढी कोणाच्या घरी शिजून राह्यली?"

विठ्ठलराव मशीनीला पाठ लावून उभे राहिले. "बळीरामच्या."

"मंग पांढरं पाणी आपल्या मोरीतून काहून वाहून राह्यलं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सगळं ऐकून शकुबाई मटकन खाली बसल्या. "इवायासमोर माही नाक कापाले बसले तुमी. अन् पोळ्याच्या दिवशी." मग त्या उठल्या, खायच्या सोड्याचा डबा आणला आणि हुकूम सोडला, "हे टाका, गरम पाणी फिरवा, अन् त्या दाराच्या रबराची घडी पुसून काढा. बोटानं. आत घुसा."

विठ्ठलराव घुसले. खांद्यापर्यंत. रबराच्या घडीतून बैलाचे केस निघाले, चाऱ्याचं कुटार निघालं, फाटलेल्या ताकाच्या गाठी निघाल्या. हे सगळं सदऱ्याला पुसत त्यांचं काम चाललं होतं, तेवढ्यात कपिलचा फोन आला. शकुबाईंनी उचलला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दारव्हा सोडलं म्हणते. आलेच समजा."

पुन्हा सोडा, पुन्हा गरम पाणी, पुन्हा फडकं. मशीन फिरत होती आणि हे दोघं तिच्यापुढे नवस बोलल्यासारखे हात जोडून बसले होते. मशीन थांबली, विठ्ठलराव वास घ्यायला आत वाकले, आणि दारात गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा त्यांचं डोकं आतच होतं. ते बाहेर काढताना काठावर असं आपटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

व्याही आले, बसले नाहीत, थेट मशीनीकडे गेले. दार उघडलं, वाकले, आत पाहिलं. शकुबाईंनी पदर तोंडाला लावला. विठ्ठलरावांनी श्वास रोखला.

"चांगली ठेवली बरं मशीन," व्याही म्हणाले. "नवीच वाटते."

विठ्ठलरावांना रडूच यायचं बाकी होतं. सुटलो, असं त्यांना मनापासून वाटलं आणि व्याही बसल्यावर ते हसत हसत त्यांच्या जवळ जाऊन टेकले. व्याही जरा सरकले.

दिपाली पाणी घेऊन आली आणि थबकली. "मामाजी, अंगावर दही सांडलं काय? गोठ्याचाबी वास येऊन राह्यला. बैल तोरणाखाली न्यायच्या आंधी सदरा बदलून घ्या. द्या इकडं, मशीनीत टाकते."

"मशीनीत नको टाकू वं बाई," विठ्ठलराव कळवळून म्हणाले, "सकाळपासून मरमर करून वास काढला मी तिचा."

शकुबाईंनी कपाळावर हात मारला. दिपालीनं सासऱ्याकडे पाहिलं, मग अंगणात वाळणाऱ्या झुलींकडे. ती शांतपणे तिकडे गेली, एका झुलीचा कोपरा नाकाशी धरला आणि परत आली.

"बरं मामाजी," ती म्हणाली, "तुमचा सदरा मी हातानंच धुते. मशीन बैलायलेच राहू द्या."