पाहुणे थेट वर

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अ‍ॅपमधलं सेटिंगचं पान कसं असावं, हे अख्ख्या मुलुंडमध्ये माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. विक्रोळीच्या ऑफिसात मी तेच काम करतो. आमच्या सोसायटीच्या गेटचं अ‍ॅपही माझ्याच हातचं. चालू-बंदची बटणं एकाखाली एक, प्रत्येकाचं नाव त्याच्या खाली आणि सगळीकडे अगदी सारखं अंतर. काय देखणं पान! आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "अनय, हे नाव वरच्या बटणाचं की खालच्या, कळत नाही रे." आईला लाइटबिलही कळत नाही, म्हणून मी सोडून दिलं.

तर नव्या टीमचा प्रमुख कोण, हे आमचे भीमराज सर ठरवणार होते. मी त्यांना रविवारी अकरा वाजता घरीच बोलावलं. म्हटलं, माझं काम खऱ्या घरात चालताना बघा, गेटवर तुम्हाला कुणी अडवणार नाही. सकाळी 'पाहुणे थेट वर' वाचलं, बटण चालू केलं. साहेबांसमोर वाजायला नको म्हणून फोन सायलेंट करून कपाटात ठेवला आणि निवांत अंघोळीला गेलो. इंटरकॉमचा प्रश्नच नव्हता. अ‍ॅप असताना तो कशाला, म्हणून मीच सभेत भांडून काढायला लावला होता.

बाहेर येतो तर सोफ्यावर टाय लावलेला एक गृहस्थ साबुदाणावडे खातोय. तिसरी प्लेट.

"फार साधे आहेत रे तुझे साहेब," आई कौतुकाने कुजबुजली. "आल्या आल्या आपला नळ खोलून बघितला."

तो पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा होता. त्याच्या मागोमाग गाद्यावाला आला, मग विमेवाला. सगळे न विचारता वर, आणि सरांचा पत्ता नाही. फोन काढला तर सरांचे अकरा मिस्ड कॉल. मी चालू केलेलं बटण 'पाहुणे थेट वर'च्या खाली होतं खरं, पण ते निघालं विक्रेत्यांचं.

धावत खाली गेलो. सर पाऊण तासापासून वॉचमन निलेशच्या केबिनमध्ये बसले होते आणि त्याचा टॅब न्याहाळत होते. त्यावरही माझंच पान. फक्त काचेवर निलेशने जखमेला लावायची पांढरी पट्टी चिकटवून, प्रत्येक बटणाच्या शेजारी, त्याच ओळीत, बॉलपेनने नाव लिहिलं होतं.

"पान दिसायला झकास आहे, अनयसाहेब," निलेश म्हणाला, "पण पहिल्याच आठवड्यात मी सेक्रेटरींना बाहेर उभं केलं. मग पट्टी लावली."

सरांनी टॅब माझ्यापुढे धरला. "हे तुला सुचायला हवं होतं."

मी तेच सुचवणार होतो, असं मी ठामपणे सांगितलं. टीम आमच्या ऑफिसातल्या माधुरीला मिळाली. अ‍ॅपमध्ये आता नावं बटणांच्या शेजारी आहेत.

आणि आमच्याकडे पाण्याचं मशीन आहे, कारण खोललेला नळ परत बसवायला तो माणूस तयारच होईना. मशीनला दोन बटणं आहेत. नावं आईने चिकटवली आहेत. मी मध्ये पडलो नाही.