बटणांच्या तागडीत कोथिंबीर

मास्तरांचं रक्त साडेआठ भरलं, आणि घरात दोन बायका असल्यामुळे त्याची कारणंही दोन निघाली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. पहिल्या मजल्यावर पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोल्यांत संसार, मध्ये एक पडदा. पडद्याला कान असते तर तो कधीच फाटला असता. मास्तरांना अंतर्गळ, म्हणजे हर्निया, झाला होता. मशिनीला पाय मारला की पोटात कळ यायची. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण रक्त दहाच्या वर आल्याशिवाय मी सुरी हातात धरणार नाही. चार आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. नाही चढलं तर ठरलेली तारीख दुसऱ्याला जाणार आणि पुढची पाच महिन्यांनी मिळणार. पाच महिने म्हणजे शाळांच्या गणवेशांचा सगळा हंगाम. एकदा गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या तयार कपड्यांच्या दुकानात शिरलं की ते परत जिना चढत नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

लोहाच्या गोळ्या दोन महिन्यांपासून चालूच होत्या. मास्तर त्या नेमाने चहाबरोबर घेत. ते सगळंच चहाबरोबर घेत, बायकोची बोलणीसुद्धा. दिवसाला सात कप. डॉक्टरांनी मागच्या भेटीत बरंच काही समजावलं, आणि माप घेणारा माणूस समोर आयता आलाय म्हणून स्वतःच्या कोटाचं मापही देऊन टाकलं. कसल्याशा परिषदेला घालायचा होता.

"गोळ्यांनी काय होतंय," मास्तरांची बायको म्हणाली. तिला सगळं गिऱ्हाईक काकू म्हणायचं. "कोथिंबीर पोटात गेली पाहिजे. हिरवं खाल्लं की लाल रक्त होतं."

"हिरवं खाऊन लाल होत असतं तर बकरी टोमॅटोसारखी दिसली असती," आक्का म्हणाल्या. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. दोन दिवसांसाठी आली होती, त्याला आता तिसरा महिना. "त्याला संत्रं दे. आजाऱ्याला भेटायला जाताना लोक संत्री नेतात. कोथिंबिरीची जुडी घेऊन गेलेलं पाहिलंयस कुणी?"

"संत्र्यात पाणी असतं, वन्सं. पाणी नळाला येतं आपल्याकडे."

सून शाळेत शिकवायची. भांडण मिटावं म्हणून तिने एक आरोग्याचं पत्रक आणलं. शिकलेल्या माणसाची हीच खोड. भांडण दिसलं की कागद आणायचा, म्हणजे भांडणाला बसायला पाट मिळतो.

"शंभर ग्रॅममागे लिहिलंय," ती वाचू लागली. "लोह कोथिंबिरीत पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास. संत्र्यात एक दशांश."

काकूंनी पदर सारखा केला. "पुढे वाच. सावकाश वाच, वन्संना नीट ऐकू जाऊ दे."

"क जीवनसत्त्व संत्र्यात त्रेपन्न, कोथिंबिरीत सत्तावीस."

"निम्मं," आक्का म्हणाल्या. "निम्मंच की गं."

"पण आई, शंभर ग्रॅम कोथिंबीर म्हणजे केवढी तरी..."

"तू वाचलंस ना? मग झालं. वजनाचं आम्ही बघतो."

दुकानात एक छोटी तागडी होती. बटणं आणि हूक वजनावर यायचे, ते ताडून घ्यायला. काकूंनी एका पारड्यात शंभराचं वजन ठेवलं आणि दुसऱ्यात कोथिंबीर घालायला सुरुवात केली. पारडं दिसेनासं झालं. मग तागडी दिसेनाशी झाली. ढिगाच्या पलीकडे आक्का बसल्या होत्या, त्यांचं नुसतं कपाळ दिसत होतं.

"देठं काढ," कपाळ म्हणालं. "देठं वजनाला घालून जिंकायचं नाही."

"मग तुम्ही साल काढा. आणि बिया. आणि ते पांढरं असतं ना, दोरे, तेपण."

तह झाला. नुसती पानं शंभर ग्रॅम, नुसत्या फोडी शंभर ग्रॅम, दोन्ही दिवसातून तीनदा. कोणी कमी वाढलं असं नको म्हणून दोघी एकमेकींचं वजन बघायला हजर राहणार. मास्तरांना कोणी विचारलं नाही. ज्याचं रक्त त्याला काय कळतं.

पानं खुडण्यात काकूंची सकाळ जायची, दोरे सोलण्यात आक्कांची.

"जरा चहा टाकता का कोणी?" पडद्यामागून मास्तर म्हणाले.

"वन्संना सांगा. त्यांचं सोलून झालंय."

"मी पाहुणी आहे."

"तीन महिन्यांची."

"तीन महिने झाले तरी पाहुणीला चहा करायला लावतेस, हे मी माझ्या घरी जाऊन सांगणार आहे."

"जाऊन सांगा म्हणजे झालं. जाणं महत्त्वाचं."

चहा काही झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सून उजाडता शाळेत जायची ती संध्याकाळीच यायची, आणि मास्तरांना जिना उतरायला डॉक्टरांची मनाई. इस्त्रीसाठी भरून ठेवलेल्या तांब्यातलं पाणी घोटभर पिऊन त्यांनी गोळी गिळली. पुढे तीच सवय पडली.

कोथिंबीर त्यांनी तीन दिवस खाल्ली. चौथ्या दिवशी जबडा उघडेना. संत्र्यांनी छातीत जळजळ सुरू झाली. मग फोडींची सोय त्यांनी धंद्यातच केली. गिऱ्हाईक माप द्यायला हात पसरून उभं राहिलं, की खांद्याला फीत आणि तोंडाला फोड. फोडी उरल्या की कंबर पुन्हा मोजायची. लोक खूश होते. पण कोथिंबीर कोण खाणार? ती जायची चिंध्यांच्या पोत्यात. एके दिवशी काकूंनी पोतं हुंगलं आणि म्हणाल्या, "या चिंध्यांना कसला वास येतोय?"

"रंगाचा," मास्तर म्हणाले. "हिरवं कापड होतं."

दुसऱ्या दिवशी पोतं मागच्या खोलीत, काकूंच्या डोळ्यांसमोर गेलं.

तपासणीला तीन दिवस उरले होते. डॉक्टरांचा कोट मशिनीवर होता, खांद्यात कापूस भरायचा बाकी. मास्तरांच्या मांडीवर ताटली, ताटलीत पानं, आणि पडद्यामागे काकूंच्या बांगड्या वाजल्या. मास्तरांनी मूठभर पानं कोटाच्या डाव्या खांद्यात कोंबली. राहिलेली उजव्या खांद्यात, कारण चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस घाबरला तरी दोन्ही बाजू सारख्या ठेवतो.

"संपलं?" काकूंनी विचारलं.

"संपलं."

एवढ्यात रक्त काढणारा माणूस घरी आला. मास्तर आत गेले, सुई बघून त्यांना घेरी आली, आणि दुपारभर ते पडून राहिले. काकूंनी कोट पाहिला. खांदे भरलेले दिसत होते, तेव्हा त्यांनी अस्तर टाचून टाकलं. टाचण्यात काकूंचा हात धरणारं कोणी नव्हतं. आक्कांना वाटलं, ही एकटीच राबते असं व्हायला नको, म्हणून त्यांनी इस्त्री फिरवून कोट स्वतः दवाखान्यात पोचवला. मास्तर उठले तेव्हा मशिनीवर कोट नव्हता.

"कोट?"

"दिला," दोघी एकदम म्हणाल्या. तीन महिन्यांत त्या प्रथमच एकदम काही बोलल्या होत्या.

तपासणीच्या दिवशी तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टर तिथूनच परिषदेला निघणार म्हणून कोट घालूनच बसले होते.

"मास्तर, कोट बसलाय झकास," ते म्हणाले. "पण कालपासून मी जाईन तिथे मंडईचा वास येतोय. बायको म्हणाली, आंघोळ करा. केली. दोनदा."

मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले. डॉक्टरांनी कागद उघडला. "दहा पूर्णांक दोन. ठरलेल्या तारखेला ऑपरेशन करू."

"बघा वन्सं," काकू म्हणाल्या. "हिरवं."

"संत्रं म्हण."

"डॉक्टर, तुम्हीच सांगा, पावणेदोन मोठे की एक दशांश?"

डॉक्टर सांगायला पुढे वाकले आणि बाहीतून एक पान रिपोर्टवर पडलं. मग दुसरं. काकूंनी ते उचललं, उलटंपालटं केलं. "ही पानं माझ्या हातची आहेत. अशी देठाच्या बरोबर मुळाशी मी खुडते." त्यांनी टेबलावरची कात्री घेतली, म्हणाल्या, "डॉक्टर, हलू नका," आणि डावा खांदा उसवला. आत सुकलेला, काळपट पडलेला गोळा होता.

आक्का इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. "माझं संत्रं तरी पोटात गेलं गं."

"माझ्या," दारातून कंपाउंडर म्हणाला. "मास्तरांनी माझी कंबर तीनदा मोजली. गोड होती संत्री, आक्का."

आक्कांचं हसू थांबलं. डॉक्टरांनी एका खांद्याने कोट सावरला. "मास्तर, मग तुम्ही खाल्लंत तरी काय?"

"नेहमीचंच," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. "नवीन काही नाही. चहा तेवढा मिळत नाही. या दोघी कामात असतात."

"गोळी कशाबरोबर घेता?"

"पाण्याबरोबर. आधी चहाबरोबर घ्यायचो."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "चहाबरोबर गोळी घेतली की लोह अंगी लागत नाही. मागच्या वेळी सांगितलं नव्हतं मी?"

"तेव्हा मी तुमच्या बगलेचं माप घेत होतो, साहेब. आकडा विसरू नये म्हणून तो मनात घोकत होतो."

डॉक्टर परिषदेला नुसत्या शर्टावर गेले आणि कोट घरी आला. काकूंनी कोट धुतला, खांद्यांत कापूस भरला, आक्कांनी इस्त्री केली. मग काकू आत गेल्या आणि कित्येक दिवसांनी घरात चहाचा वास सुटला. मास्तर मशीन सोडून पडद्यापाशी आले. दोनच कप होते.

"घ्या वन्सं," काकू म्हणाल्या. "आलं जास्त झालंय का बघा."

"नाही गं. तुझ्या हातचा चहा म्हणजे चहा." आक्कांनी फुरका मारला. "ऑपरेशन होईपर्यंत राहीन म्हणते. याच्यावर एकटीची नजर पुरायची नाही."

"राहा की. घाई कसली आहे?"

"आणि माझा?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला बंद," दोघी एकदम म्हणाल्या.

मास्तर मुकाट्याने मशिनीवर येऊन बसले. तागडीच्या पारड्यात सकाळची एक फोड राहिली होती आणि तिला दोन-चार पानं चिकटली होती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आणि फोड पानांसकट तोंडात टाकली. चांगली लागली. पण कशामुळे चांगली लागली, हे त्यांनी जन्मात कोणाला सांगितलं नाही.