परतीची हमी

बाइंडरसाहेबांनी एका रात्री जेवताजेवता जाहीर केलं, "मी शिकायला जाणार! बायकोच्या देशात. पण बायकोचा नवरा म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणून!"

(वय बेचाळीस. पुस्तकबांधणीच्या दुकानात कामाला एकटेच, म्हणून साहेबही तेच.)

"जा बाबा," आई म्हणाली, "पण आधी मोरीचा नळ बघ."

हट्ट तसा वेडा नव्हता. कुरतडलेली, भिजलेली जुनी पुस्तकं पुन्हा धडधाकट कशी करायची, हे शिकवणारे एक म्हातारे गुरुजी तिकडच्या संस्थेत होते, आणि पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. आयुष्यभर खळीत बोटं बुडवलेल्या माणसाची तेवढी एकच विद्या शिकायची राहिली होती. तिच्यासाठी त्यांचा जीव तुटत होता. बायको तिकडची नागरिक असली तरी तिची शाळेतली नोकरी, घर, सासू, सगळं इथंच. नवऱ्यानं वर्षभर जावं, शिकावं आणि घरी यावं, इतका सरळ मामला होता.

पण सरळ गोष्ट वाकडी करायला दाजी होते. दाजी म्हणजे बहिणीचे यजमान. व्हिसाच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा, कारण त्यांना स्वतःला तो दोनदा नाकारला गेला होता. (अनुभव म्हणतात तो हाच.)

"विद्यार्थ्यानं परत यायला हवं असतं," दाजी म्हणाले. "बायको तिकडची म्हटल्यावर व्हिसा देणाऱ्या साहेबाला वाटणार, हा गडी तिकडेच बिऱ्हाड थाटणार. तू सरळ सांग, आमचं पटत नाही. विषय संपला!"

"पण आमचं पटतं हो, दाजी."

"तिथंच तर घोडं अडलंय तुझं!"

ही मसलत बायकोच्या कानावर घालायची बाइंडरसाहेबांनी टाळली. एवढंच काय ते चुकलं, पण अंगाशी यायला तेवढं पुरतं.

वकिलातीतल्या व्हिसाच्या मुलाखतीच्या दिवशी बायको लग्नाची कागदपत्रं घेऊन बाहेरच्या बाकावर बसली आणि साहेब आत गेले. टेबलामागे अधिकारी बाई, कोपऱ्यात वही घेऊन दुभाषा.

"तुमची पत्नी आमच्या देशाची नागरिक आहे?"

"आहे. नागरिक पक्की आहे, पत्नी नावाला आहे. आमचं मुळीच पटत नाही."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नावाला? म्हणजे लग्न नुसतं कागदोपत्री? व्हिसासाठी केलेलं?"

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. "छे छे! प्रेमानं केलंय हो!"

"आत्ता तर म्हणालात, पटत नाही."

"प्रेमानंच पटत नाही, मॅडम." (या वाक्याचा अर्थ त्यांना अजून कुणी विचारू नये.)

बायकोला आत बोलावलं गेलं. "यांचं म्हणणं आहे की तुमचं पटत नाही," बाई म्हणाल्या. "खरं आहे का?"

बायको मराठी शिकली होती ती सासूबाईंकडून. त्यामुळे नवऱ्याला फैलावर घ्यायची वेळ आली की तिच्या तोंडून साक्षात सासूबाई बोलत.

"पटत नाही? परवा डोकं धरून कण्हत होतास, तेव्हा कुणी चेपलं रे? चष्मा स्वतःच्या कपाळावर, आणि घरभर शोधायचा मी!"

"अगं, दाजी म्हणाले—"

"दाजी म्हणाले! उद्या दाजी म्हणाले विहिरीत उडी मार, तर मारशील?"

"हळू बोल, ऑफिस आहे हे!"

"घरी बोलले तर आई ऐकेल, इथं बोलले तर ऑफिस! मग मी बोलायचं कुठे?"

दुभाषा लिहायचं सोडून हनुवटीवर हात ठेवून ऐकत बसला होता. बाईंनी विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

"मॅडम," दुभाषा उसासा टाकत म्हणाला, "लग्न शंभर टक्के खरं आहे."

"बरं," बाई म्हणाल्या, "मग हे परत येणार कशावरून? तिकडे राहणार कुठे?"

आता साहेबांना चेव चढला. "सासऱ्यांकडे! गेल्या वर्षी महिनाभर राहिलो होतो. जावई नव्हे, मुलगाच मानतात मला. निघताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं!"

बायकोनं कपाळाला हात लावला.

"म्हणजे ते तुम्हाला कायमचं ठेवून घेतील," बाई म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. गुरुजी, संस्था, सगळं हातचं निसटताना दिसू लागलं. डोळेच भरून आले बिचाऱ्यांचे. बायकोचा राग तिथल्या तिथे विरघळला. टेबलाखाली तिनं त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "मॅडम, एकदा माझ्या बाबांनाच विचारा ना."

बाईंनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. जावई शिकायला येतोय, तुमच्याकडे वर्षभर राहील, असं त्यांनी सांगितलं.

"वर्षभर?" सासरे म्हणाले. "सहा महिन्यांत नाही का उरकत?"

"नाही. अभ्यासक्रम वर्षाचाच आहे."

"असं होय. बरं, येऊ दे. त्याचं परतीचं तिकीट तेवढं मी काढतो. आजच काढतो."

बाईंनी फोन ठेवायच्या आधीच शिक्का मारला.