पान २८६ पर्यंतच

आत्म्याला उभारी देणाऱ्या पुस्तकाचा शेवट चांगलाच व्हावा लागतो. नाहीतर ते आत्म्याला उभारी देत नाही, नुसतं वाचून होतं. हे तत्त्व आमच्या एल्क फोर्कच्या बाप्टिस्ट मंडळीच्या ग्रंथालय समितीने फार पूर्वीच एकमताने मान्य केलं असून त्याविरुद्ध आजवर एकही तक्रार आलेली नाही (तक्रारवही ठेवलेली नाही).

समितीचा सचिव म्हणून ही हकीगत लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मी डेलमार फंडरबर्क. मिझुरीच्या या कोपऱ्यात जिल्ह्याच्या रस्ते खात्यात एकतीस वर्षं काढली. खड्ड्याची नोंद अशी करायची की तो बुजवावा लागत नाही, ही कला मला तिथे अवगत झाली आणि चर्चच्या कामात ती फार उपयोगी पडली.

ग्रंथालय चर्चच्या तळघरात, स्वयंपाकघराला लागून आहे. पुस्तकं अकराशे चाळीस. त्यांची वर्गवारी आम्ही मुखपृष्ठावरून केली आहे, म्हणजे पुस्तक उघडावं लागत नाही. कापडी टोपडं घातलेली मुलगी गव्हाच्या शेतात पाठमोरी उभी: चारशे बारा. तीच मुलगी, पण शेताऐवजी घोडागाडी: दोनशे सहा. नवरा गेल्यावर गावी परतून बेकरी काढणारी बाई: एकशे नव्वद. बर्फाच्या वादळात देव भेटलेला गुराखी: एकशे तीन. बाकीची बहुतेक आनंदी होण्याच्या पायऱ्यांची. पायऱ्या सात, दहा किंवा बारा असतात (अकरा पायऱ्यांचं पुस्तक आमच्याकडे नाही, कारण समजलेलं नाही).

टोपडंवाली मुलगी म्हणजे आमिश लोकांची. ते इथून वीस मैलांवर राहतात, वीज वापरत नाहीत. त्यांच्यातला एनॉस नावाचा सुतार आमची कपाटं बसवायला आला होता. काम संपल्यावर त्याने उभ्याउभ्या तीन कादंबऱ्या चाळल्या आणि विचारलं, "यांच्या गाईंचं दूध कोण काढतं?" आमच्याकडे ती माहिती नव्हती.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी आम्ही एक कार्ड चिकटवलेलं असे, 'वाचकाचं मत' म्हणून. एकूण मतं सहाशे बारा. त्यातली सहाशे आठ अशी: 'आशीर्वाद मिळाला.' तीन अशी: 'फार आशीर्वाद मिळाला.' आणि एक मक्याच्या पावाची कृती होती (करून पाहिली, चांगली आहे). वाचक आणि पुस्तकं यांच्यात इतका सलोखा दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

मग लुएला पिकरेल वाचायला लागली.

लुएलाने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. तिच्या बसमध्ये मुलं गप्प बसत, यावरून स्वभावाचा अंदाज यावा. तिचा नवरा हारलन ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मंडळीने ताबडतोब प्रार्थनेची साखळी लावली आणि पुस्तकं पाठवायला सुरुवात केली. लुएला ती हारलनला मोठ्याने वाचून दाखवी. वाचून झालं की कार्डावर मत लिही आणि पुस्तक परत करी. नियमाप्रमाणे यात काहीच गैर नव्हतं. फक्त तिला जे वाटे तेच ती लिहीत होती.

पुस्तक क्रमांक ४१७: 'नवरा मरतो पान नऊवर, दुसरा भेटतो पान चौदावर. पाच पानं तरी रडू द्यायचं होतं बिचारीला.'

क्रमांक ८८: 'दालचिनी फार, देव कमी. रोल मात्र चांगले जमलेत.'

क्रमांक २३३ (आनंदाच्या दहा पायऱ्या): 'सातवी तुटकी आहे. आठवीवर पोचता आलं नाही.'

क्रमांक ५१०: 'लेखिकेने मोठ्या माणसाला कधी आंघोळ घातलेली नाही.'

क्रमांक ६०२: 'पान २८७ वर तो चाकांच्या खुर्चीतून उठतो. मी हारलनला २८६ पर्यंतच वाचून दाखवलं. तोवर ठीक आहे.'

याचा परिणाम गंभीर झाला. पूर्वी महिन्याला सरासरी सहा पुस्तकं जात. आता एकेचाळीस जाऊ लागली. काही लोक पुस्तक न नेता नुसती कार्डं वाचायला तळघरात उतरत. एकदा तर उपासना संपल्यावर तिथून हसण्याचा आवाज वर आला. समितीची तातडीची बैठक बोलवावी लागली.

अध्यक्ष सिस्टर जनीव्ह स्टॉडर्ड (आमच्या मंडळीत सगळ्या बायका सिस्टर आणि पुरुष ब्रदर). चाळीस वर्षं पियानो शिकवला, चुकीचा सूर त्यांना पुढच्या खोलीतूनही कळतो. त्या म्हणाल्या, "मत म्हणजे असं हवं की लोकांनी पुस्तक घरी न्यावं."

मी म्हणालो, "नेतायत की, सिस्टर. कधी नव्हे इतकी."

"पण कशासाठी नेतायत, डेलमार? कुठं चुकलंय ते बघायला."

आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, ब्रदर टॉलिव्हर यांनी घसा साफ केला. "ती दुःखात आहे हो. दुःखात माणूस असं लिहून जातो."

"मग दुःखातून बाहेर आली की लिहू दे," जनीव्ह म्हणाल्या. "तोवर आपण चौकोन देऊ."

त्याप्रमाणे नवी कार्डं छापली. तीन चौकोन होते: (अ) आशीर्वाद मिळाला, (ब) फार आशीर्वाद मिळाला, (क) इतर, कृपया पाळकांना भेटा. ही कार्डं आणि एक सूचनापत्र लुएलाच्या हाती देण्याचं काम सचिवाकडे आलं.

मी गेलो तेव्हा ती हारलनच्या पलंगाशी बसून वाचत होती. मला पाहून तिने पुस्तक उपडं ठेवलं. "डेलमार, बरा आलास. त्याच्या खांद्याखाली हात घाल जरा, कूस बदलायचीय."

मी हात घातला. हारलनला मी चाळीस वर्षं ओळखतो. माझा ट्रॅक्टर त्याने तीनदा उघडून बसवलाय. तो किती हलका झालाय हे मला तेव्हा कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. नजर तीच होती, गिऱ्हाईकाने स्वतःच स्क्रू पिळून ठेवलाय हे ओळखणारी.

मी सूचनापत्र दिलं. तिने ते वाचलं, घडी घातली आणि पुस्तकात खूण म्हणून ठेवलं.

"म्हणजे मी लिहायचं नाही."

"लिहायचं ना. चौकोनात लिहायचं."

"जनीव्हचं डोकं, होय ना?"

"समितीचा ठराव आहे," मी म्हणालो.

ती हसली. मग हारलनच्या पायांवरची चादर नीट करत म्हणाली, "तुला सांगते. पहिले सहा-सात महिने मी काय करायचे ठाऊक आहे? पुस्तक संपत आलं, त्यातला माणूस उठून उभा राहिला, की मी हळूच ह्याच्या पायाकडे बघायचे. दर पुस्तकाला. हललाय का, म्हणून."

मी हारलनच्या पाठीमागची उशी सरकवली.

"मग एक दिवस मान वर केली तर हा माझ्याकडे बघत होता. मी बघत होते ते त्याला कळत होतं, डेलमार. सगळे दिवस कळत होतं. मला वाटायचं मी त्याला धीर देतेय, आणि हा पडल्यापडल्या दर आठवड्याला नापास होत होता." तिने पुस्तक उचललं. "त्यानंतर मी शेवट वाचणं सोडलं. आता जा, भेट झाली असं लिही."

मी तसं लिहिलं: 'भेट समाधानकारक.' (खड्ड्याच्या नोंदीचा हाच नमुना.)

याच सुमारास सिस्टर जनीव्ह यांची कादंबरी छापून आली. अकरा वर्षं त्या लिहीत होत्या. पण शेवटचं दीड वर्ष लेखणीला विशेष गती आली होती. नायक हॅरोल्ड हा ट्रॅक्टर दुरुस्त करतो, त्याला झटका येतो. बायको लुसिंडा शाळेची बस चालवते आणि तिची श्रद्धा ढळत नाही. ईस्टरच्या सकाळी घंटा वाजत असताना हॅरोल्ड उठून खिडकीपाशी जातो. तीनशे प्रती काढल्या. मुखपृष्ठावर गव्हाचं शेत होतं.

पहिली प्रत त्यांनी स्वतः लुएलाला नेऊन दिली. "तुझ्यासारखीच एक आहे यात," त्या म्हणाल्या. "पण तू नाहीस हं. नावं वेगळी आहेत." आणि ग्रंथालयाच्या वार्षिक पुस्तक-रविवारी सगळ्यांसमोर तिने मत सांगावं अशी गळ घातली. जनीव्ह दुष्ट बाई नाहीत. लुएलाला ते वाचून खरंच बरं वाटेल अशी त्यांची खात्री होती. आम्हा सगळ्यांचीच होती.

पुस्तक-रविवारी हॉल भरला. पीचची पाई (फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) दोन टेबलं भरून होती. लुएला चर्चमध्ये दीड वर्षाने आली होती. हारलनजवळ तिने त्या वेळेपुरती पैसे देऊन एक नर्स बसवली होती. लुएला उभी राहिली, चष्मा लावला आणि कागद काढला.

"सगळं पुस्तक हारलनला वाचून दाखवलं," ती म्हणाली. "शेवटासकट. बसचा भाग बरोबर आहे. हिवाळ्यात दार गोठतं तेही बरोबर आहे. हॅरोल्ड उठल्यावर पहिलं वाक्य बोलतो, तुझ्या श्रद्धेने मला उठवलं. आमचा हारलन उठला असता तर आधी विचारलं असतं, माझा मोठा पाना कुणी नेलाय."

लोक हसले. जनीव्हसुद्धा हसल्या. लुएला थांबली, मग कागदाकडे न बघता बोलली.

"तिच्या श्रद्धेने तो उठला. आमचा नाही उठला. तर मग श्रद्धा कुणाची कमी पडली, माझी की त्याची, एवढं पुढच्या आवृत्तीत लिही, जनीव्ह. रोज सकाळी हा प्रश्न घेऊन मी त्याची दाढी करते."

ती खाली बसली. ब्रदर टॉलिव्हर यांनी पाई कापायला घ्यावी असं सुचवलं. मी इतिवृत्तात चौकोन (अ) वर खूण केली. खूण चौकोनाच्या बरोबर आत बसली.

घरी जाऊन मी समितीच्या कागदपत्रांवरून एक तक्ता केला. दीड वर्षात पिकरेल कुटुंबाला पाठवलेली पुस्तकं: चौसष्ट. चिकन-भाताचे ट्रे: एकतीस. प्रार्थना: मोजदाद नाही. लुएलाला बाहेर पडता यावं म्हणून कुणी हारलनजवळ बसल्याचे तास: शून्य. (माझी भेट चाळीस मिनिटांची होती, पण ती समितीच्या कामात धरली आहे.) तक्ता मी बैठकीपुढे ठेवला नाही, पाकिटात घालून जनीव्ह यांच्या दाराखालून सरकवला. सही केली नाही.

मंगळवारी दुपारी जनीव्ह ट्रे घेऊन लुएलाच्या दारात उभ्या राहिल्या.

"ट्रे नको," लुएला म्हणाली. "फ्रीजमध्ये जागा नाही. दोन तास आहेत का तुझ्याकडे?"

"आहेत," जनीव्ह म्हणाल्या.

लुएला पिकअप घेऊन गेली ती गावाच्या पाण्याच्या टाकीपाशी. तिथे गाडी उभी केली आणि स्टीअरिंगवर डोकं ठेवून झोपली. तीन तासांनी जाग आली. परत आली तेव्हा जनीव्ह बाह्या वर करून चादर धूत होत्या. पुढच्या मंगळवारी जनीव्ह पुन्हा आल्या, ट्रे न आणता. मग दर मंगळवारी. शुक्रवार मी घेतला. मी वाचत नसे. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची यादी हारलनला दाखवायचो आणि किमती सांगायचो. काही किमतींना तो डावी भुवई चढवायचा.

जनीव्ह यांनी दुसरी आवृत्ती काढली. तीत हॅरोल्ड उठत नाही. लुसिंडा त्याची दाढी करते, बाहेर घंटा वाजते, एवढंच. पहिल्या आवृत्तीच्या दोनशे अठ्ठ्याऐंशी प्रती गेल्या होत्या. दुसरीच्या चार गेल्या, त्यातली एक परत आली. ब्रदर टॉलिव्हर यांच्या मते पुस्तक वाङ्मय म्हणून चांगलं आहे (म्हणजे कपाटात जागा नाही).

हारलन मार्चमध्ये गेला, दुपारी, जेवणानंतर. लुएला पेला विसळत होती. जाण्याच्या क्षणभर आधी त्याने मान वळवली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, अगदी स्पष्ट, तिला नावाने हाक मारली.

खरं सांगायचं तर तो काही बोलला नाही. श्वास थांबला एवढंच, आणि तिने पेला पुसून ठेवला. ही हकीगत मी आजवर अकरा जणांना सांगितली. अकराही जणांनी शेवटी विचारलं, काहीतरी बोलला असेलच ना? पहिल्या चौघांना मी नाही म्हणालो, तेव्हा ते माझ्यावर नाराज होऊन गेले. पाचव्यापासून मी ती हाक घालायला लागलो. आता तुम्हालाही ती वाचून क्षणभर बरं वाटलंच, म्हणून मी ते वाक्य खोडलेलं नाही.