नेलकटरला लिफ्टचा ब्रेक

यापुढे मांजराची नखं कापताना ना मांजराला इजा होईल ना माणसाला, असं मी आमच्या मोठ्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं. सांगताना खुर्चीतून उठलोसुद्धा. साहेब म्हणाले, "बसा." मी बसलो, पण आवाज खाली आणला नाही.

मी कात्र्या आणि नेलकटर बनवणाऱ्या कारखान्यात डिझायनर आहे. डिझायनर म्हटलं की लोकांना काहीतरी भारी वाटतं. प्रत्यक्षात अकरा वर्षं मी फक्त मुठी काढल्या. पातं दुसऱ्याचं, स्प्रिंग तिसऱ्याची आणि मूठ तेवढी माझी. कात्रीची मूठ बघून कुणी "वा" म्हटल्याचं निदान माझ्या कानावर आलेलं नाही. आता पहिल्यांदाच एक अख्खं हत्यार माझं होणार होतं! साहेबांची अट एकच होती. शुक्रवारी सकाळी जनावरांच्या डॉक्टर येणार, त्यांच्यासमोर खऱ्या मांजराची नखं कापून दाखवायची. त्या हो म्हणाल्या तर उत्पादन सुरू, नाही म्हणाल्या तर मी पुन्हा मुठींवर.

कल्पना तशी साधी होती. मांजराच्या नखात मुळाशी एक गुलाबी भाग असतो, त्यात शीर असते. पातं तिथवर गेलं की रक्त येतं, आणि मांजर पुढचे सहा महिने माणसाला ओळख देत नाही. मी पात्यापुढे एक सरकता अडसर बसवला. बाजूची चकती फिरवून एक ते पाचपैकी आकडा लावायचा, की तेवढंच टोक पात्याखाली येणार. एवढ्यावर थांबलो असतो तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण मला राहवलं नाही, आणि मी ते बायकोला दाखवलं.

माझी बायको लिफ्ट तपासते. म्हणजे तिची नोकरीच ती आहे. घरातल्या खुर्चीवरही ती दोनदा हलवून बघितल्याशिवाय बसत नाही. नेलकटर उलटासुलटा करून तिनं विचारलं, "झटका बसला तर?"

"कुणाला?"

"मांजराला. त्यानं मध्येच पाय ओढला तर?"

"तर पाय सुटेल."

"आणि पातं त्याच वेळी खाली येत असेल तर? लिफ्टला झटका बसला की ब्रेक लागतो. माणूस येऊन सोडवेपर्यंत सुटत नाही. म्हणून तर लोक धडधाकट घरी जातात."

माझ्या अंगावर काटा आला. इतकी साधी गोष्ट आजवर कुणालाच कशी सुचली नाही! (का सुचली नाही ते शुक्रवारी कळलं.) चार दिवस मला ना भूक ना तहान. झटका बसताच पातं जागीच थांबवणारा आणि रबराच्या दोन ओठांत नख अलगद पकडून ठेवणारा ब्रेक मी बसवला. तो चुकून सुटू नये म्हणून दोन बाजूंना दोन खटके ठेवले, दोन्ही हातांनी एकदम दाबायचे. बायको म्हणाली, "हत्यार हातातून निसटलं तर?" मग मनगटाला पट्टा आला. ब्रेक सुटल्याशिवाय पट्टाही सुटणार नाही, अशी जोडणी मी स्वतःच्या डोक्यानं केली. बायकोनं नेलकटर टेबलाला अडकवून बारा वेळा ओढला आणि म्हणाली, "पास." तिच्या तोंडून हा शब्द मी आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

शुक्रवारी आमचा बोका फौजदार याला टोपलीत घालून साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. फौजदार सात किलोंचा आहे आणि कुठेही गेला तरी तपासाला आल्यासारखा बघतो. डॉक्टरबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. मी पट्टा बांधला, चकती तीनवर लावली, फौजदाराचा पंजा धरला आणि पहिलं नख कापलं. स्वच्छ! फौजदारानं डोळासुद्धा मिटला नाही.

"चांगलं आहे की," डॉक्टर पुढे सरकल्या.

मला आकाश ठेंगणं झालं. दुसरं नख पात्याखाली घेतलं आणि साहेबांचा फोन खणखणला. फौजदारानं झटका दिला. खट!

"लागला! ब्रेक लागला!" मी ओरडलो. "बघा, पातं जागच्या जागी. रक्ताचा थेंब नाही."

"छान," साहेब म्हणाले. "आता सोडवा."

डाव्या हातानं मी डावा खटका दाबला. उजवा खटका दाबायला उजवा हात हवा होता, आणि तो पट्ट्यानं मुठीला जखडलेला होता. पट्टा सुटायला आधी ब्रेक सुटायला हवा होता.

फौजदार टेबलाखाली गेला, म्हणून मीही गेलो. तो खुर्चीवर चढला, मी गुडघ्यांवर उभा राहिलो. साहेब उजवा खटका दाबायला वाकले, तर फौजदारानं मोकळ्या पंजानं त्यांच्या शर्टाचं बटण उडवलं. साहेब कपाटाजवळ जाऊन उभे राहिले आणि तिथूनच सूचना करू लागले.

मी डाव्या हातानं बायकोला फोन लावला.

"अडकलंय," मी म्हणालो.

"आत किती माणसं आहेत?"

"एक माणूस आणि एक बोका."

"घाबरू नका. दार उघडायचा प्रयत्न करू नका. खाली बसा, मदत येतेय."

"अगं, मी बोलतोय! नेलकटर अडकलाय!"

"ब्रेक लागला का पण?" तिनं विचारलं. आवाजात कौतुक मावत नव्हतं.

"लागला."

"मग खाली बस आणि हलू नकोस. अडकलेला माणूस हलला की सगळं बिघडतं."

मी फरशीवर बसलो. हात लांब केला आणि श्वाससुद्धा बेतानं घेतला. फौजदारानं माझ्याकडे बराच वेळ संशयानं पाहिलं. मग माझ्या हातावर अंग टाकलं आणि घुरघुरू लागला. घरी मी त्याच्याजवळ कधी इतका वेळ गप्प बसलोच नव्हतो.

डॉक्टर उठल्या. बॅगेतून एक जुना, साधा नेलकटर काढून माझ्याशेजारी बसल्या आणि फौजदाराची उरलेली सोळा नखं कापून मोकळ्या झाल्या. मला "हळू" म्हणायचं होतं, "त्याला दुखेल" म्हणायचं होतं, पंजा मागे घ्यायचा होता. पण हललो तर फौजदार उठेल, म्हणून दात आवळून बसलो. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी दोन्ही खटके दाबले. नख सुटलं, पट्टा सुटला, आणि मी मान खाली घातली. माझं हत्यार गेलं, असंच वाटलं.

"हे मला हवंय," डॉक्टर म्हणाल्या.

मी दचकलो. "पसंत आहे?"

"एकदम. इतकी वर्षं नखं कापतेय, मांजरं कधीच त्रास देत नाहीत. त्रास देतात त्यांचे मालक. मध्ये हात घालतात, रडतात, एकानं तर माझं मनगट धरलं होतं. आज पहिल्यांदा मालक जागचा हलला नाही. दवाखान्यासाठी सहा द्या. फक्त पातं काढून टाका, आणि पट्टा जरा घट्ट करा."

सोमवारी उत्पादन सुरू झालं. हत्यार अख्खं माझं आहे, मी खूश आहे, खरंच. खोक्यावर फौजदाराचा फोटो छापावा असं मी सुचवलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, नको, हे कुणाला लावायचं ते गिऱ्हाइकाला नीट कळलं पाहिजे. म्हणून खोक्यावर मी आहे.